आधी छत, मग एसी

सप्टेंबर २०२५ मध्ये एअर कंडिशनरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि आमच्या कापड बाजारात एकच चर्चा सुरू झाली. ज्याला भेटावे तो विचारतो, "दीड टनाचा घ्यावा की दोन टनाचा? एक बसवावा की दोन?" जळगाव असो की धुळे, खान्देशात लग्नसराई एप्रिल-मे महिन्यात येते आणि नेमका तेव्हाच पारा ४४-४५ च्या घरात असतो. गिऱ्हाईक घामाघूम होऊन दुकानात शिरते. त्याला गारवा मिळाला तर ते चार तागे जास्त उघडायला लावते, नाहीतर पाणी पिऊन पुढच्या दुकानात जाते. तेव्हा गारव्यावर खर्च करणे ही चैन राहिलेली नाही, तो धंद्याचाच भाग झाला आहे. याबद्दल माझा कोणाशी वाद नाही.

माझे म्हणणे वेगळे आहे. आपण गारवा विकत घेतो, पण उष्णता आत येते कुठून, हे पाहत नाही. फुटक्या माठात पाणी ओतत राहावे तसा हा प्रकार आहे. हा हिशेब मला स्वतःला फार उशिरा कळला, म्हणून तो व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे मांडतो आहे.

एकाच मीटरवर आग आणि बर्फ

काही वर्षांपूर्वी मी दुकानाचे नूतनीकरण केले. साड्यांचे रंग खुलून दिसावेत म्हणून छताला ५० वॅटचे ४० हॅलोजन दिवे लावले. दुकान झगमगले, मीही खूश झालो. उन्हाळ्यात मात्र दीड टनाचा एसी पूर्ण दिवस चालूनही काउंटरवरचा मुलगा रुमालाने मान पुसायचा. कंपनीचा माणूस आला, गॅस तपासला आणि म्हणाला, "शेठ, दुसरा एसी लावा."

एका ओळखीच्या वायरमनने मात्र वर बोट दाखवले. ५० वॅटचे ४० दिवे म्हणजे २००० वॅट. दोन हजार वॅटची शेगडी दिवसभर डोक्यावर जळत होती! दीड टनाचा एसी तासाला साधारण सव्वापाच युनिट इतकी उष्णता बाहेर टाकतो. त्यातली दोन युनिटे माझे दिवेच खात होते. म्हणजे दिव्यांचे बिल वेगळे आणि त्या दिव्यांची उष्णता बाहेर काढण्याचे बिल वेगळे. एकाच मीटरवर मी आगही विकत घेत होतो आणि बर्फही. नंतर ७ वॅटचे एलईडी बसवले. ४० दिव्यांचे मिळून २८० वॅट झाले. दुसरा एसी घेण्याची गरजच उरली नाही.

आमच्या उर्दू शाळेत सायन्सचे सर सांगायचे, "काला रंग गर्मी पीता है, सफेद रंग लौटा देता है." आम्ही ते पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि विसरून गेलो. पन्नाशी ओलांडल्यावर त्या एका वाक्याची किंमत कळली.

एसीचा जन्म मालासाठी झाला

एअर कंडिशनरचा इतिहास आपल्या धंद्याशी जोडलेला आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. १९०२ मध्ये अमेरिकेतील विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी हवा नियंत्रित करणारी यंत्रणा आखली. दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगावर रंग नीट बसत नसे, ही तिथली अडचण होती. 'एअर कंडिशनिंग' हा शब्द तर १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर नावाच्या कापड गिरण्यांच्या इंजिनिअरने रूढ केला. गिरणीतल्या हवेत योग्य तेवढा ओलावा ठेवणे हा त्याचा उद्देश होता. म्हणजे हे यंत्र जन्मले ते मालासाठी. माणसाच्या आरामाचा विचार नंतर आला.

ओलाव्याचे महत्त्व माग चालवणाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. कापसाचा धागा हवेतला ओलावा पितो आणि ओलाव्याने मजबूत होतो. हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर १०० किलो कोरड्या कापसात साडेआठ किलो पाणी असते, असे सूत व्यवहाराचे प्रमाण आहे. सुती कापड विणण्यासाठी ७५ ते ८० टक्के आर्द्रता चांगली मानतात. मे महिन्याच्या दुपारी आमच्याकडे ती २० टक्क्यांच्या आसपास असते, कधी त्याहून खाली जाते. मग तार तुटते, माग थांबतो, कारागीर गाठ मारतो, माग चालू होतो, पुन्हा तार तुटते. मजुरी कापडावर असेल तर प्रत्येक तुटलेल्या तारेचे नुकसान कारागिराच्या खिशातून जाते.

जळगावची खान्देश मिल आणि अमळनेरची प्रताप मिल आपल्या वडीलधाऱ्यांनी चालू असताना पाहिल्या आहेत. मोठ्या गिरण्यांत हवेला ओल देण्याची व्यवस्था असे. अनेक जुन्या गिरण्यांची छपरे करवतीच्या दात्यांसारखी बांधलेली असत. त्यांच्या काचा उत्तरेकडे ठेवत, म्हणजे उजेड आत यायचा आणि ऊन बाहेर राहायचे. गिरण्या गेल्या, माग राहिले. माग पत्र्याच्या शेडमध्ये आले आणि गिरणी बांधणाऱ्यांची ती अक्कल मात्र गिरणीबरोबरच गेली.

पत्र्याखालचा माणूस

धुळ्याच्या एका कारखान्यात माझे सूत जाते आणि तिथून कापड येते. एका मे महिन्यात माल उशिरा आला म्हणून मी तावातावाने तिथे गेलो. दुपारचे तीन वाजले होते. आत पाय ठेवला आणि बोलायचे शब्द घशातच राहिले. वर पत्रा, चारी बाजूंनी भिंत, रस्त्याची धूळ येऊ नये म्हणून खिडक्या बंद, आणि सोळा माग धडधडत होते. साठीतले एक कारागीर ओला गमछा डोक्याला बांधून मागापाशी उभे होते. मी म्हणालो, "चाचा, जरा बाहेर बसा." ते म्हणाले, "बाहर बैठूँगा तो मीटर कौन भरेगा, सेठ?" थोड्या वेळाने त्यांना चक्कर आली. सावलीत नेले, पाणी पाजले, अल्लाहच्या कृपेने ते सावरले. माझ्या मालाला उशीर का झाला, हे विचारण्याची मग मला गरज उरली नाही.

त्या शेडचा हिशेब नंतर एका इंजिनिअर मित्राकडून समजून घेतला. भर दुपारी उन्हाळ्यात एक चौरस मीटर जागेवर जवळपास १००० वॅट इतके ऊन पडते. शेड ३० बाय ४० फुटांची, म्हणजे सुमारे १११ चौरस मीटर. छतावर झाले एक लाखाहून जास्त वॅट. एक हजार वॅटच्या शंभर शेगड्या छपरावर मांडून ठेवाव्यात तसे हे झाले. ही सगळी उष्णता आत येत नाही हे खरे, पण गंजलेला, काळपटलेला पत्रा तिच्यातला मोठा हिस्सा पितो, हात लावता येणार नाही इतका तापतो आणि खालच्या माणसाच्या डोक्यावर दिवसभर आग ओततो. त्यात एका मागाला एक हॉर्सपॉवरची मोटर धरली तर ७४६ वॅट होतात. सोळा मागांचे झाले जवळपास १२,००० वॅट. मोटर जी वीज खाते तिची शेवटी उष्णताच होते आणि ती शेडमध्येच राहते. शंभर शेगड्या वर, बारा आत आणि मधे माणूस.

ही फक्त दयेची गोष्ट नाही, नफ्या-तोट्याचीही आहे. भारतातील कारखान्यांवर उष्णतेचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आपल्या शेजारच्या सूरतचे कापड विणणारे कारखानेही होते. वर्षाचे तापमान एका अंशाने वाढले तर कारखान्याचे वर्षभराचे उत्पादन सुमारे २ टक्क्यांनी घटते, असे त्यांना आढळले. गरम दिवसांत कारागिराच्या हातून काम कमी होते आणि खाडेही वाढतात. जिथे हवा नियंत्रित ठेवली होती तिथे कामातील ही घट बरीच कमी होती. बेंगळुरूच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांचा असाच एक अभ्यास झाला आहे. तिथे वीज वाचवण्यासाठी जुने दिवे काढून एलईडी लावले, तर गरम दिवसांत कामगारांचे उत्पादनही सुधारले, कारण शिलाई मशीनजवळची उष्णता कमी झाली. माझ्या हॅलोजनचा धडा तिथे मोठ्या प्रमाणावर गिरवला गेला.

जुन्या घरांना काय कळत होते

यावल, रावेर, फैजपूरकडच्या धाब्याच्या घरांत ज्यांचे बालपण गेले त्यांना आठवत असेल. सागाच्या तुळया, त्यावर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. मातीच्या रुंद भिंती. छताजवळ झरोका, ज्याला आमच्या घरात रोशनदान म्हणत. दुपारी दारे-खिडक्या बंद, संध्याकाळी सगळे उघडे. दिवसभराचे ऊन माती पिऊन घ्यायची. ते आत पोहोचेपर्यंत सूर्य मावळायचा, आणि रात्रीच्या वाऱ्याने माती पुन्हा गार व्हायची. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून खोली गार करण्याची पद्धत अकबराच्या काळातही होती. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त तिची नोंद केली आहे. आपला डेझर्ट कूलर म्हणजे त्याच ताटीला पंखा जोडलेला.

परत धाब्याच्या घरात राहायला चला, असे मी म्हणत नाही. ते छत दरवर्षी माती टाकून जपावे लागे, साग परवडत नाही आणि शहरात दोन फूट रुंद भिंतीला जागा कुठून आणायची? पण त्या घरांतली चार सूत्रे आजही तशीच लागू आहेत. ऊन छतावरच अडवा. गरम हवेला वरून वाट द्या. रात्रीचा गारवा आत घ्या. आणि पाणी विचाराने वापरा.

कामाचा क्रम

पहिले काम छताचे. सिमेंटच्या स्लॅबवर चुन्यात सरस किंवा डिंक मिसळून दोन-तीन हात द्या, नाहीतर पांढऱ्या फुटक्या टाइल्स बसवा. पत्र्यावर नुसता चुना टिकत नाही, पावसात पापुद्रे सुटतात. तिथे ऊन परतवणारा पांढरा रंग लावावा. ताजा पांढरा रंग बहुतेक ऊन परत पाठवतो, पण धूळ बसली की त्याचा गुण कमी होतो. म्हणून दरवर्षी होळीच्या आधी छत धुणे आणि गरज असेल तिथे पुन्हा हात मारणे, हा रिवाज पाडला पाहिजे. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर मात्र ते कोरडे घासू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असतो आणि त्याची धूळ फुफ्फुसाला घातक आहे.

दुसरे काम हवेच्या वाटेचे. गरम हवा वर जाते. वरून तिला वाट नसेल तर ती पत्र्याखाली साचून राहते. छपराच्या माथ्याला फट ठेवा किंवा वाऱ्यावर फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर बसवा. ते विजेशिवाय चालतात. खालून हवा आत यायलाही जाळीची खिडकी हवी.

तिसरे काम रात्रीचे. चोरांच्या भीतीने आपण रात्री शटर असे पाडतो की मुंगीला वाट राहत नाही. दिवसभराची उष्णता आत कोंडून ठेवतो आणि सकाळी भट्टीचे दार उघडतो. मग पहिले दोन तास एसी काय करतो? कालची उष्णता बाहेर काढतो! शटरच्या वर मजबूत गज आणि बारीक जाळीचा झरोका, आणि मागच्या बाजूला एक एक्झॉस्ट पंखा पहाटे दोन तास चालवला, तर हे काम जवळपास फुकटात होते. खान्देशातली कोरडी रात्र ही आपल्याला मिळालेली देणगी आहे. मुंबईवाल्याला ती नाही.

चौथे काम दिवे आणि पंख्यांचे. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. दहा पंखे रोज बारा तास चालले तर दिवसाला साडेपाच युनिटच्या जवळपास बचत होते. तीनशे दिवसांची सोळाशे युनिटे झाली. आपल्या बिलावरचा दर पाहून प्रत्येकाने स्वतः गुणाकार करावा.

पाचवे काम कूलरचे. एक लिटर पाणी उडून जाताना एका युनिटच्या दोन-तृतीयांश इतकी उष्णता घेऊन जाते. म्हणून एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर कमाल करतो आणि जूनमध्ये हवा दमट झाली की हात टेकतो. लोक एक चूक हमखास करतात. कूलर लावून खिडक्या बंद ठेवतात. कूलरला बाहेरची कोरडी हवा आत यायला आणि आतली ओली हवा बाहेर जायला वाट लागते, नाहीतर खोलीत नुसता घाम साचतो. मागाच्या शेडमध्ये तर याचे दोन फायदे आहेत, गारवाही मिळतो आणि धाग्याला ओलही. पण इथे सांभाळून वागावे लागते. इंग्लंडमध्ये लँकेशायरचे मालक धागा तुटू नये म्हणून शेडमध्ये वाफ सोडत. त्या दमट हवेत कामगारांचे हाल होत, म्हणून १८८९ मध्ये तिथल्या पार्लमेंटला त्यावर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. हवा वाहती ठेवली तर धागा वाचतो आणि माणूसही. कोंडलेल्या ओलीत धागा वाचतो, माणूस मरतो. शिवाय पाण्याचा विचार हवाच. धुळे-जळगावात नळाच्या पाण्याची किंमत मी सांगायला नको. छत पांढरे केले तर कूलरला पाणीही कमी लागते.

एवढे सगळे झाले की मग एसी. तो ज्या दुकानाला लागतो त्याने जरूर घ्यावा, पण तेव्हा दोन टनाच्या जागी दीड टन पुरेल. स्टार पाहून घ्यावा. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या नियमाने २०२० पासून स्टारवाला एसी सुरू करताच २४ अंशांवर येतो, तो १८ वर ओढून गिऱ्हाईकाला शाल पांघरायला लावू नये. एक अंश वर ठेवला तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ब्युरोच सांगते. आपल्या धंद्यात आणखी एक गोष्ट आहे. कापडाची लव एसीच्या जाळीत जाऊन बसते. डॉक्टरच्या दवाखान्यातली जाळी महिन्याने धुतली तरी चालेल, कापड दुकानातली पंधरा दिवसांनी धुवावीच लागते.

एक इशारा. छताला उघडे थर्माकोल चिकटवण्याची एक फॅशन आहे. ते ऊन अडवते हे खरे, पण कापडाच्या दुकानात आणि गोदामात ते आगीला आमंत्रण आहे. जुन्या वायरिंगवर मंजूर भारापेक्षा जास्तीचे एसी जोडणेही तसेच. पाच हजार वाचवताना पन्नास लाखांचा माल पणाला लावू नये.

तीन सबबी

मी हे बोलू लागलो की तीन उत्तरे मिळतात. पहिले, "जागा भाड्याची आहे." मान्य. मग पंखे आणि दिवे तरी आपले आहेत, ते जागा सोडताना बरोबर नेता येतात. छताच्या रंगाचा खर्च मालकाशी निम्मा-निम्मा ठरवता येतो, छताचे आयुष्य तर त्याचेच वाढते.

दुसरे उत्तर, "यात फार फरक पडत नाही." दोन साधे थर्मामीटर आणा. एक बाहेर सावलीत आणि एक शेडमध्ये डोक्याच्या उंचीवर टांगा. आठ दिवस दुपारी तीन वाजता दोन्ही वाचून वहीत लिहा. मग छत पांढरे करा आणि पुन्हा आठ दिवस लिहा. वही खोटे बोलत नाही. आपण व्यापारी आहोत, वहीवर तरी विश्वास ठेवू.

तिसरे उत्तर ऐकून मला दुःख होते. "कारागिरांना सवय झाली आहे." उन्हाची थोडी सवय शरीराला होते, हे खरे. पण हवा अंगापेक्षा गरम झाली की पंखाही गरम झोत मारतो आणि शरीर केवळ घामाच्या जोरावर तग धरते. घाम आटला की सवय कामाला येत नाही. मे २०१० मध्ये शेजारच्या अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा सुमारे १३०० मृत्यू जास्त झाले. तेही उन्हाची सवय असलेलेच लोक होते. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचे कामही हाती घेतले. तेलंगणा राज्याने २०२३ मध्ये गार छतांचे धोरणच जाहीर केले. आपल्याकडे मे २०२४ मध्ये जळगाव जिल्हा प्रशासनाला उष्णतेच्या लाटेमुळे कलम १४४ खाली आदेश काढावे लागले. याहून मोठा इशारा कोणता हवा?

इन्स्पेक्टर येणार नाही

कायद्याची वाट पाहू नका, हेही सांगतो. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या १३ व्या कलमातच लिहिले होते की कारखान्याच्या भिंती आणि छत असे असावे की आतले तापमान वाढू नये. त्या कायद्याची जागा आता नव्या श्रम संहितेने घेतली आहे. इमारतींच्या ऊर्जा बचतीची संहिता २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये सुधारली. पण ती १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभाराच्या मोठ्या व्यापारी इमारतींसाठी होती. आपली दुकाने, आपले आठ-सोळा मागांचे कारखाने या चाळणीतून खाली पडतात. आपल्या छतावर कोणी इन्स्पेक्टर चढणार नाही. चढायचे असेल तर आपल्यालाच.

आणि इथेच व्यापाऱ्याची जबाबदारी येते. सूत आमचे, मजुरी कारागिराची, कारखाना तिसऱ्याचा. छत कोणाचेच नाही! वीस वर्षे मी त्या शेडला काम दिले, कापडाचे डाग मोजले, मीटर मोजले, उशिराबद्दल पैसे कापले. मान वर करून पत्रा एकदाही पाहिला नाही. माझ्या दुकानातल्या साडीला एसीची हवा आणि ती विणणाऱ्याला पत्र्याची झळ, हा हिशेब कोणत्या तराजूत बरोबर बसतो?

म्हणून माझी सूचना साधी आहे. जो व्यापारी कारखान्याला नियमित काम देतो त्याने छताच्या कामापुरती बिनव्याजी उचल द्यावी आणि ती सहा-आठ महिन्यांत मालातून थोडी थोडी वळती करून घ्यावी. कापड व्यापारी संघटनांनी आणि यंत्रमागधारकांनी मिळून रंग घाऊक भावात आणावा. एकट्याने डबा घेतला तर महाग पडतो, पन्नास शेडचा माल एकत्र घेतला तर भाव बोलता येतो, ही विद्या आपल्याला कोणी शिकवायला नको. रंग देण्याचे काम मोहल्ल्यातल्या तरुणांना द्यावे, म्हणजे चार घरांत मजुरीही जाईल. दुपारी एक ते चार माग बंद ठेवून सकाळी लवकर आणि रात्री उशिरा पाळी लावता येते का, यावरही मालक आणि कारागिरांनी एकत्र बसून बोलावे.

त्या धुळ्याच्या शेडचे छत पुढच्या उन्हाळ्याआधी पांढरे झाले, माथ्यावर दोन व्हेंटिलेटर बसले आणि पूर्वेच्या भिंतीला जाळीच्या खिडक्या पडल्या. शेड काही महाबळेश्वर झाले नाही. पण चाचांनी दुपारी गमछा डोक्यावरून काढून खांद्यावर टाकला होता, एवढे मी डोळ्यांनी पाहिले. त्या हंगामात माझा माल वेळेवर आला.

बंधूंनो, एसी जरूर घ्या. कर कमी झाला आहे, कंपन्या हप्त्यावर देत आहेत. पण दुकानात शिरण्याआधी एकदा शिडी लावून आपल्या छतावर चढा. आणि आपला माल जिथे विणला जातो त्या छतावरही. होळीच्या आधी चढा. मे महिन्यात तिथे पाय ठेवता येणार नाही.